गोळीपेक्षा गजाने झिजणारी नळी

पन्नास मीटर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं, म्हणजे करंगळीच्या नखाएवढं. त्यावर झाडायची .२२ ची गोळी स्वतःच सुमारे ५.६ मिलिमीटर जाड. १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवलं ते असल्याच वर्तुळांवर नेम धरून. त्याआधी २०१० मध्ये म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने प्रोन, म्हणजे पालथं झोपून झाडायच्या प्रकारात ६०० पैकी ५९७ गुण घेऊन विश्वविजेतेपद पटकावलं होतं. या दोन नावांमुळे कोल्हापुरात, पुण्यात, नाशिकला, मुंबईला कितीतरी मुलं-मुली रेंजकडे वळली. रायफल घरी आली की पहिल्या महिन्यातच पालकांचा प्रश्न येतो: हिची नळी साफ कशी करायची, किती दिवसांनी, आणि कशाने?

उत्तर थोडक्यात असं की जपून, योग्य बाजूने आणि वाटतं त्यापेक्षा कमी. .२२ च्या रायफलची चांगली नळी मऊ शिशाच्या हजारो गोळ्या सहन करते. तिची झीज गोळ्यांनी होते त्यापेक्षा लवकर होते ती चुकीच्या गजाने, पोलादी ब्रशाने आणि उत्साही हातांनी.

हे काही नवं नाही. एनसीसीत किंवा पोलिसात काही वर्षं काढलेल्यांना ‘पुल-थ्रू’ आणि ‘चिंधी’ हे शब्द पाठ असतात. .३०३ रायफलच्या दस्त्याच्या मागच्या पितळी पट्टीखाली एक खण असे. त्यात तेलाची छोटी बाटली आणि एका टोकाला वजन लावलेली दोरी. दोरीच्या फासात चार इंच बाय दोन इंचांची चिंधी अडकवायची, वजन चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या बाजूने आत सोडायचं आणि दोरी पुढून ओढायची. शिपाई घाईत असला की दोरी सरळ न ओढता तिरकी ओढली जाई आणि तोंडाच्या एकाच कडेवर घासत राही. दोरीला चिकटलेली धूळ वाळूच्या कागदाचं काम करी. वर्षानुवर्षांच्या अशा ओढण्याने नळीचं तोंड एका बाजूला झिजलेल्या रायफली शस्त्र-कारागिरांकडे येत. रशियाच्या मोसिन-नागांत रायफलींचं दुखणं याच जातीचं होतं. त्या पोलादी गजाने पुढच्या बाजूने साफ केल्या जात आणि दुरुस्तीत झिजलेला पुढचा भाग आतून थोडा रुंद करून नेमाला उपयोगी कडा मागे न्यावी लागे. या रायफलींनी दोन महायुद्धं पाहिली आणि तरी त्यांच्या तोंडाला जी झीज लागली तिचा मोठा वाटा सफाईचा होता.

तोंडाच्या कडेला एवढं महत्त्व का, हे आधी कळलेलं बरं. नळीच्या आत पेचदार खाचा असतात. त्या गोळीला स्वतःभोवती गिरकी देतात आणि गिरकीमुळे गोळी हवेत डगमगत नाही. .२२ च्या रायफलमध्ये साधारण १६ इंचांत एक फेरा पूर्ण होतो. गोळीचा मागचा भाग नळीतून सुटतो त्या क्षणी तिच्यामागचा वायू चारी बाजूंनी सारखा बाहेर पडला पाहिजे. कडेवर कुठे टवका असेल किंवा एक बाजू झिजली असेल, तर वायू तिथून आधी निसटतो आणि गोळीला हलकासा धक्का देतो. पन्नास मीटरवर तो धक्का दहाचा नऊ करायला पुरतो. या कडेला क्राउन म्हणतात. सगळ्या रायफलमध्ये सर्वांत जास्त जपायची जागा कुठली, तर ही.

आता मळाविषयी. नळीत नेमकं काय साचतं हे कळल्याशिवाय बाटलीचं झाकण उघडण्यात अर्थ नाही, कारण प्रत्येक मळावर औषध वेगळं.

जुन्या काळ्या दारूचा निम्म्याहून जास्त भाग जळल्यावर घन राखेच्या रूपात मागे राहायचा. ठासणीच्या बंदुकीत दहा-वीस बार काढले की पुढची गोळी आत ठासणं अवघड होई. काडतुसाला चरबी लावायची ती त्यासाठीच, मळ मऊ राहावा आणि गोळी सहज उतरावी म्हणून. त्या चरबीचं १८५७ मध्ये काय झालं ते शाळेत सगळ्यांनी वाचलेलं आहे. काळ्या दारूच्या मळात क्षार असतात, तो पाण्यात विरघळतो, म्हणून त्या बंदुका साध्या गरम पाण्याने साफ होत.

पुढे .३०३ आली आणि कॉर्डाइटसारखी धूर कमी करणारी दारू आली. पण काडतुसाच्या टोपीतल्या मिश्रणात पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळल्यावर पोटॅशियम क्लोराइड उरे, म्हणजे मिठाचाच भाऊबंद. तो हवेतलं पाणी शोषून घेतो आणि पोलाद खातो. तेलात तो विरघळत नाही, त्यामुळे नुसतं तेल फासून ठेवलेली नळी आतून गंजे. म्हणून सैन्यात नळीत आधी उकळतं पाणी ओतत, मग कोरडी करत आणि मग तेल लावत. नळी उकळत्या पाण्याने धुवावी असं आजोबा सांगत असतील, तर त्यांच्या काळात ते अगदी बरोबर होतं. आजच्या .२२ काडतुसाला त्याची गरज नाही.

.२२ च्या स्पर्धेच्या काडतुसात शिशाची गोळी असते आणि तिच्यावर मेणासारख्या वंगणाचा थर. ही गोळी सुमारे २.६ ग्रॅमची आणि तिचा वेग आवाजाच्या वेगाच्या जरा खालीच ठेवलेला. नळीत उरतं ते तीन गोष्टींचं मिश्रण: शिशाचे कण, मेण आणि दारूची काजळी. काडतुसाची टोपी नसते, कडेतच स्फोटक मिश्रण भरलेलं असतं. घर्षणासाठी त्यात बऱ्याचदा बारीक काचेची पूड असते. या सगळ्याचा टणक थर चेंबरच्या लगेच पुढे, खाचा सुरू होतात तिथे कड्यासारखा जमतो. .२२ मधली खरी डोकेदुखी हे कडं. बाकीची नळी बहुतेक वेळा दोन-तीन चिंध्यांतच साफ होते.

कामाला सुरुवात करण्यापूर्वी एक गोष्ट न चुकता करायची. रायफलचं तोंड सुरक्षित दिशेला, मॅगझिन असेल तर बाहेर, बोल्ट मागे आणि चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहायचंच, वर करंगळीच्या टोकाने चाचपायचं. काडतुसं त्या खोलीत ठेवायची नाहीत. ‘मघाशी रिकामी केली होती’ हा विश्वास रेंजवर चालत नाही. तिथे चेंबरमध्ये नारिंगी सुरक्षा-दोरी किंवा झेंडी घालावी लागते ती याचसाठी. घरी साफ करताना लहान मुलं जवळ नकोत. सफाईत स्फोटक मिश्रणातलं आणि गोळीतलं शिसं हाताला लागतं, म्हणून नायट्राइलचे हातमोजे घालावेत, खिडकी उघडी ठेवावी आणि काम संपल्यावर साबणाने व थंड पाण्याने हात धुवावेत. त्याच हाताने वडापाव खाऊ नये. वापरलेल्या चिंध्या बंद पिशवीत टाकाव्यात.

साधनांत जिच्यावर पैसे वाचवू नयेत अशी एकच वस्तू आहे, ती म्हणजे गज. तुकडे जोडून होणारा ॲल्युमिनियमचा स्वस्त गज टाळावा. त्याच्या सांध्यांच्या कडा खाचांवर घासतात आणि मऊ ॲल्युमिनियममध्ये वाळूचे कण रुतून बसतात. एकसंध गज घ्यावा, कॅलिबरच्या मापाचा, प्लास्टिकचा लेप असलेला किंवा चांगल्या स्टेनलेसचा, मुठीला फिरणारा. तो खाचांबरोबर फिरला पाहिजे, नाहीतर चिंधी खाचा ओलांडून घसटत जाते. गज प्रत्येक फेरीनंतर स्वच्छ फडक्याने पुसायचा. ही सवय नसेल तर महागडा गजही निरुपयोगी. सोबत बोअर-गाइड हवं. बोल्टच्या जागी बसणारी ही नळी गजाला मधोमध ठेवते आणि सॉल्व्हंट, म्हणजे मळ विरघळवणारं द्रव, ट्रिगरमध्ये गळू देत नाही. ब्रश कांस्याचा किंवा नायलॉनचा असावा. पोलादी ब्रश दुकानदार कितीही आग्रहाने देत असला तरी घरात आणू नये.

बऱ्याच नेमबाजांना चिंधीपेक्षा फेल्टच्या छोट्या गुंड्या आवडतात. त्या गजाच्या टोकाला स्क्रूवर बसतात, नळीच्या मापाच्या असतात आणि चारी बाजूंनी सारखा दाब देतात. नवख्या हातांसाठी त्या खरोखरच चांगल्या.

आता प्रत्यक्ष काम. रायफल स्टँडवर किंवा मऊ कापडाच्या दोन ठोकळ्यांवर ठेवावी, तोंड थोडं खाली झुकलेलं. उलट ठेवली तर सॉल्व्हंट मागे वाहून ट्रिगरमध्ये आणि दस्त्याच्या लाकडात जातं. बोल्ट काढून बाजूला ठेवावा आणि बोअर-गाइड बसवावं. पहिली चिंधी सॉल्व्हंटने ओली करून मागून पुढे एकाच सलग हाताने ढकलावी. ती पुढून बाहेर पडली की काढून टाकावी, आत ओढू नये. मळलेली चिंधी परत ओढणं म्हणजे बाहेर काढलेला मळ पुन्हा आत नेणं. अशा दोन चिंध्या झाल्या की पाच-दहा मिनिटं थांबावं. सॉल्व्हंटला वेळ दिला तर ब्रशाचं काम कमी होतं, हे बहुतेक लोक विसरतात.

ब्रश लागलाच तर पुरा बाहेर निघेपर्यंत न्यावा आणि मगच मागे आणावा. मध्येच दिशा बदलली की तारा उलट वाकून खाचांत अडकतात. मागे आणताना तोंडाच्या कडेवर गज टेकू देऊ नये. काही नेमबाज पुढे आलेला ब्रश स्क्रू फिरवून काढतात आणि गज रिकामाच मागे ओढतात. वेळखाऊ आहे, पण कडेसाठी सगळ्यात निर्धोक पद्धत तीच. आठ-दहा फेऱ्या पुष्कळ झाल्या. नंतर ओली चिंधी, मग कोरड्या चिंध्या. त्या फिकट करड्या येऊ लागल्या की थांबावं. चिंधी दुधासारखी पांढरी निघेपर्यंत घासत बसणं हा आजार आहे. नळीच्या आत डोकावणारा कॅमेरा, म्हणजे बोअरस्कोप, स्वस्तात बाजारात आल्यापासून तो फार पसरला आहे. पडद्यावर दिसणारा प्रत्येक डाग काढून टाकण्याच्या लायकीचा नसतो. नळीचं आरोग्य कागदावरच्या छिद्रांत बघायचं.

चेंबरपुढच्या कड्याला मात्र थोडा वेगळा वेळ द्यावा. कार्बन सोडवणाऱ्या सॉल्व्हंटमध्ये भिजवलेली चिंधी तिथपर्यंत नेऊन दहा-पंधरा मिनिटं तशीच ठेवावी. मग नायलॉनचा किंवा कांस्याचा ब्रश फक्त त्या जागेपुरता हलकेच फिरवावा, पुढे-मागे न ढकलता गोल. कडं वाढल्याची खूण नेमबाजाला हातातच मिळते. काडतूस बसवताना जरा जास्त जोर लागतो किंवा न झाडलेलं काडतूस बाहेर काढल्यावर गोळीवर ओरखडे दिसतात. बोल्टचा चेहरा आणि काढणीचा आकडा यांच्या खोबणीत मेण आणि शिशाचे कण अडकतात, ते लाकडी टूथपिकने काढावेत. आकडा साफ नसला की रिकामं काडतूस बाहेर येत नाही आणि दोष नळीवर जातो.

एक इशारा. चिंधी किंवा फेल्ट नळीत अडकली तर घाबरून पुढचं काडतूस भरून ती उडवून लावायचा विचार कोणी करू नये. अडथळ्यामागे दाब एकाच जागी साठतो आणि नळीत कायमचा फुगवटा येतो. वाईटात वाईट म्हणजे ती फाटते. हीच गोष्ट आवाज नेहमीपेक्षा बारीक झालेल्या गोळीला लागू. कागदावर छिद्र दिसलं नाही तर थांबायचं, बोल्ट उघडायचा आणि नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पाहायचं.

किती वेळा साफ करायची यावर नेमबाजांत वाद आहेत आणि ते राहणारच. .२२ च्या बाबतीत मधला मार्ग असा: प्रत्येक सरावानंतर फेल्टच्या दोन-तीन गुंड्या, चेंबरकडे एक नजर आणि बोल्ट पुसणं. सॉल्व्हंटची पूर्ण सफाई दोन-तीनशे गोळ्यांनंतर. नेम फुटू लागला तर त्याच्या आधी. पूर्ण सफाईनंतरच्या पहिल्या दहा-पंधरा गोळ्या भटकतात, कारण नळीवर मेणाचा पातळ थर पुन्हा बसावा लागतो. म्हणून स्पर्धेच्या आदल्या रात्री नळी चकचकीत करून ठेवणं हे कर्तव्यदक्ष पालकांचं लाडकं नुकसान आहे. स्पर्धेत सुरुवातीला सराव-गोळ्यांसाठी १५ मिनिटं मिळतात खरी, पण ती वारा वाचायला आणि शरीर स्थिरावायला असतात. नळी चाचपडायला ती खर्च करू नयेत. पूर्ण सफाई करायचीच असेल तर दोन दिवस आधी करावी आणि त्यानंतर एक सराव घ्यावा.

काडतुसाचा ब्रँड बदलला की वंगणही बदलतं. इले, लापुआ, आरडब्ल्यूएस यांच्या मेणांचे प्रकार वेगवेगळे. एकाच्या थरावर दुसऱ्याची गोळी काही काळ बेशिस्त वागते. नव्या लॉटची परीक्षा घेण्याआधी नळी साफ करून घ्यावी आणि मग नव्याच लॉटच्या वीसेक गोळ्या झाडून घ्याव्यात. नाहीतर चांगला लॉट वाईट ठरतो आणि तो महागात पडतो. यासाठी एक वही ठेवावी, तारीख, गोळ्यांची संख्या, लॉट क्रमांक, सफाई एवढंच तिच्यात लिहावं. सहा महिन्यांत ती वही कुठल्याही तज्ज्ञापेक्षा आपल्या नळीविषयी जास्त सांगू लागते.

एअर रायफलची गोष्ट वेगळी आणि इथेच चुका सर्वांत जास्त होतात. दहा मीटरच्या स्पर्धेत ४.५ मिलिमीटरचे शिशाचे छर्रे वापरतात, वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, वेग सेकंदाला साधारण १७० मीटर. लक्ष्यावरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. सध्याच्या नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटर कॅलिबरची आणि २० जूलपर्यंत ऊर्जेची एअर रायफल परवान्याशिवाय घेता येते, म्हणून ती घरोघरी पोहोचली आहे. पण इथे दारू जळत नाही. काजळी नसते, फक्त शिशाचा थोडा थर असतो. त्यामुळे कांस्याचा ब्रश नको आणि तीव्र सॉल्व्हंट तर मुळीच नको. ते रबरी सील खातं.

स्प्रिंगच्या एअर रायफलमध्ये पेट्रोलियम तेल नळीत घालणं घातक आहे. पिस्टन हवा इतक्या वेगाने दाबतो की ती तापते आणि तेल डिझेल इंजिनातल्यासारखं पेटतं. आवाज मोठा येतो, धूर दिसतो, छर्रा जोरात जातो आणि मुलांना मजा वाटते. प्रत्यक्षात स्प्रिंग आणि सील यांची वाट लागत असते. दाबलेल्या हवेच्या, म्हणजे पीसीपी प्रकारात सिलिंडरच्या वाटेवर खनिज तेल लागणं त्याहून धोक्याचं. तिथे निर्मात्याने सांगितलेलं सिलिकोनच वापरावं. साफ करायला फेल्टचे छर्रे पुरतात. पीसीपीत दोन-तीन फेल्ट एकामागोमाग झाडावेत. स्प्रिंगच्या रायफलमध्ये मात्र एकटा फेल्ट झाडू नये. तो इतका हलका असतो की पिस्टनला पुढे हवेचा रोध मिळत नाही आणि तो रिकाम्या बारासारखा आदळतो. तिथे नायलॉनच्या दोरीने मऊ कापड मागून पुढे ओढून घेणं चांगलं. नळी मोडून उघडणाऱ्या रायफलीत साफ करताना स्प्रिंग ताणलेली असता कामा नये. बोटं चिमटीत आली तर हाड मोडतं.

परवान्यावर मोठ्या कॅलिबरची रायफल असेल तर मळात तांबंही येतं. त्या गोळ्यांवर तांब्याच्या मिश्रधातूचं आवरण असतं आणि त्याचा थर खाचांच्या कडांवर चढतो. त्यासाठी तांबं विरघळवणारं सॉल्व्हंट मिळतं. अमोनिया असलेल्या प्रकारांत चिंधी निळी येते. पण कांस्याचा ब्रशही तांब्याचाच, तोही चिंधी निळी करतो. ते न कळल्याने माणसं तासन्‌तास घासत बसतात. अशा सॉल्व्हंटमध्ये नळी रात्रभर ठेवू नये. बाटलीवर लिहिलेल्या मिनिटांपलीकडे जाऊ नये आणि शेवटी ते पूर्ण काढून टाकावं.

सैन्याच्या रायफलींमध्ये दुर्लक्षाची किंमत काय होते याचं उदाहरण व्हिएतनाममध्ये आहे. १९६०च्या दशकाच्या मध्यात अमेरिकी सैनिकांना एम-१६ रायफल दिली गेली तेव्हा तिला सफाईची फारशी गरज नाही असा समज पसरला होता. सफाईचे संचही पुरेसे पाठवले नव्हते. त्यातच काडतुसातली दारू बदललेली आणि चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता. चेंबरला मळ आणि गंज लागून रिकामी काडतुसं अडकू लागली. प्रकरण अमेरिकी संसदेच्या चौकशीपर्यंत गेलं. मग सफाईचे संच आले, चेंबरला क्रोम चढला.

आपल्याकडचा मोठा शत्रू हवेतच आहे. हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की पोलाद भराभर गंजू लागतं. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात ती बराच काळ ८० टक्क्यांच्या वर असते. एसी गाडीतून थंड झालेली रायफल वरळीच्या रेंजवर पेटीतून एकदम बाहेर काढली, तर धातूवर लगेच बाष्प धरतं, नळीच्या आतही. पेटी न उघडता बराच वेळ तशीच ठेवावी, रायफलला हवेच्या तापमानाला येऊ द्यावं. घामाच्या हाताचे ठसे त्याच दिवशी तेलाच्या फडक्याने पुसावेत. स्टेनलेसची नळीही गंजते, फक्त उशिरा.

तेल कुठलं? बंदुकीसाठी म्हणून मिळणारं कुठलंही चांगलं खनिज किंवा कृत्रिम तेल चालेल. घरी काहीच नसेल तर शिलाई मशीनचं तेल काही दिवस भागवतं. खोबरेल आणि मोहरीचं तेल नको. ही तेलं कालांतराने चिकट होतात आणि खोबरेल तर २४ अंशांच्या खाली थिजतं, म्हणजे नाशिक-नागपूरच्या हिवाळ्यात नळीत मेणबत्तीच. रॉकेलने मळ सुटतो, पण त्याच्या भरवशावर रायफल ठेवता येत नाही. डब्ल्यूडी-४० पाणी घालवायला उत्तम, महिन्याभराच्या साठवणीला अपुरं. तेल नळीत ओतायचं नाही, चिंधीला दोन थेंब पुरेत. आणि झाडण्यापूर्वी एक-दोन कोरड्या चिंध्यांनी ते काढायचंच. ओल्या नळीतून पहिली गोळी कुठेही जाते आणि मोठ्या कॅलिबरमध्ये तेलाने दाब वाढतो.

प्रवासाची फोमची पेटी ही साठवणीची जागा नव्हे. फोम ओलावा धरून ठेवतो. चामड्याचं म्यान त्याहून वाईट, ते पावसाळ्यात स्पंजासारखं वागतं आणि त्यातली कमावण्याची रसायनं धातूला लागतात. कुलूपबंद पोलादी कपाटात उघडी उभी रायफल, सोबत सिलिका जेलच्या पिशव्या. त्या महिन्यातून एकदा मंद आचेवर सुकवून पुन्हा ठेवता येतात. तेल लावल्यावर पहिला दिवस तोंड खाली करून ठेवावं, म्हणजे जादा तेल ट्रिगरकडे वाहणार नाही.

महाराष्ट्रातल्या परवानाधारकांना आणखी एक प्रसंग ठाऊक असतो: निवडणुकीची आचारसंहिता. पोलिसांचा आदेश आला की बंदूक ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते आणि ती आठवडेच्या आठवडे तिथे पडून राहते. तिथल्या खोलीत कोणी तिची काळजी घेणार नाही आणि तशी अपेक्षाही धरू नये. जमा करण्यापूर्वी नळी पूर्ण साफ करावी, आतून-बाहेरून नेहमीपेक्षा जाड तेलाचा थर द्यावा, श्वास घेणाऱ्या कापडी पिशवीत घालावी. प्लास्टिकमध्ये गुंडाळू नये, आत अडकलेली वाफ तिथेच बसते. पावतीवर नळीची स्थिती नोंदवून घेता आली तर उत्तम. परत मिळाल्यावर घरी नेऊन लगेच साफ करावी. झाडण्याची घाई नको. नळीत गांधीलमाशीने मातीचं घर केलेलं असू शकतं, आणि ते उजेडात पाहिल्याशिवाय कळत नाही.

सफाई नीट होऊनही नेम फुटत असेल तर नळीला सर्वांत शेवटी दोष द्यावा. आधी दस्त्याचे स्क्रू नेमून दिलेल्या जोराने घट्ट आहेत का ते पाहावं, मग साइट हलते का, मग काडतुसाचा लॉट बदलून पाहावा. त्यानंतर क्राउन. कापसाची काडी आतून बाहेर हलकेच ओढत कडेभोवती फिरवावी. कुठे टवका असेल तर कापसाचे धागे तिथेच अडकतात. भिंगातून पाहिल्यावर तोंडावरच्या काजळीची नक्षी चारी बाजूंनी सारखी दिसली पाहिजे. हे सगळं ठीक असेल तरच नळीच्या झिजेचा विचार करावा.

क्राउन पुन्हा कापून घेणं हे तासाभराचं काम असलं तरी ते घरच्या ड्रिल मशीनवर करायचं नाही. त्यात नळी थोडी का होईना तोकडी होते आणि शस्त्र कायद्याच्या कलम ६ प्रमाणे परवान्याशिवाय बंदुकीची नळी तोकडी करणं हा गुन्हा आहे. त्यामुळे क्राउनचं काम असो की नळी बदलण्याचं, आधी परवाना देणाऱ्या कार्यालयात लेखी विचारणा करावी आणि मगच रायफल परवानाधारक कारागिराच्या हाती द्यावी.